खराडे सरांचं वर्तुळ

आमच्या शिक्षकखोलीच्या दाराला माणसाच्या डोक्याच्या उंचीवर एक भोक होतं. नवीन आलेले शिक्षक विचारायचे, इथे काय ठोकलं होतं? आम्ही सांगायचो, खराडे सरांनी कर्कटक. फळ्यावर वर्तुळ काढायचं ते मोठं लाकडी कर्कटक, एका पायात खडू आणि दुसऱ्या पायाला लोखंडी अणी. गाइडं विकणारा एक माणूस आला होता. मुलांना आमचीच गाइडं घ्यायला लावा, तुमचंही काय ते बघू, असं तो हसत हसत म्हणाला. सरही हसले. मग त्यांनी हातातलं कर्कटक फेकलं. ते त्या माणसाच्या कानाशेजारून जाऊन दारात घुसलं आणि तिथेच थरथरत राहिलं. माणूस बॅग टाकून पळाला. सरांनी कर्कटक उपटलं, अणी वाकली नाही ना ते बोटाने पाहिलं आणि "चला, आठवी ब" म्हणत तासाला गेले. ती बॅग पुढे कितीतरी दिवस आमच्या कपाटावर पडून होती.

मी त्या शाळेत मराठी शिकवायचे. वाशीहून बसने नेरूळच्या बाजूला यायचं, उतरल्यावर चिखल तुडवत चालायचं, आणि हातात चपला घेऊन शाळेत शिरायचं, असे ते दिवस होते. अर्धी मुलं नव्या इमारतींतली, आईने भांग पाडून पाठवलेली. उरलेली करावे आणि आसपासच्या गावांतली, सकाळी खाडीवर जाऊन मग शाळेत येणारी. गणिताला आणि शारीरिक शिक्षणाला मिळून एकच माणूस होता. सांगलीकडचा, लाल मातीत वाढलेला, मानेपासून खाली सगळा एकाच जाडीचा. कुस्तीत रगडून रगडून दोन्ही कान चुरगळलेले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, त्यावर खडूची भुकटी, आणि घड्याळ उजव्या मनगटावर.

ते घड्याळ महत्त्वाचं. सर मारायच्या आधी घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे. पट्ट्याच्या बकलाचा आवाज झाला की वर्ग श्वास रोखायचा. शेजारच्या वर्गात मी कविता शिकवत असताना पलीकडचं मुलांचं गुणगुणणं मधेच तुटलं, की मला कळायचं, घड्याळ निघालं. मग सपकन आवाज यायचा. माझ्या वर्गातली पोरं एकमेकांकडे बघायची आणि मी पुस्तकात बघायचे.

हे सगळं मला अजिबात आवडत नसे, आणि मी ते त्यांना तोंडावर सांगत असे. एकदा नव्या इमारतीतले एक साहेब मुलाला मारल्याचा जाब विचारायला आले. सरांनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मुलाला बोलावलं, बापाला त्याच्या शेजारी उभं केलं आणि एक मुलाला, दुसरी बापाला लगावली. "बापानं घरी पाढे घेतले असते तर माझ्यावर ही पाळी आली नसती," म्हणाले. हेडमास्तर पुढे दोन महिने त्या साहेबांच्या घरी चहाला जात होते. गावातल्या बायका मात्र येऊन सांगायच्या, "मारा सर, पन पास करा." सर त्यांच्याकडे बोट दाखवून मला म्हणायचे, "बघा बाई, ह्यांना कळतं."

मारकुटा माणूस घरी कसा असेल म्हणून मी एकदा मुद्दाम त्यांच्याकडे गेले. पहाटेची शिकवणी नुकतीच संपली होती. फुकट शिकवणी, गावातल्या पोरांसाठी. वहिनी चुलीपुढे बसून पोरांना भाकरी वाढत होत्या. "घरात ह्यांचा आवाज चढत न्हाई," त्या म्हणाल्या. "मला तर वाटतं शाळेतला खराडे कुणी दुसराच." त्यांना मूलबाळ नव्हतं. सर भिंतीला टेकून एका पोराच्या पायातला काटा काढत होते. त्याच पोराला त्यांनी आदल्या दिवशी बाकाखालून ओढून तुडवलं होतं, हे मी पाहिलेलं होतं. पोरगं भाकरी चावत होतं आणि पाय त्यांच्या मांडीवर टाकून निवांत बसलं होतं. मला दोघांचाही राग आला.

वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवायची त्यांची एक पद्धत होती. ते सूत्र आधी सांगत नसत. वहिनींकडून तीन भाकऱ्या करून आणायच्या. एक मोठी, ताटभर. दोन लहान, मोठीच्या बरोबर अर्ध्या रुंदीच्या. टेबलावर ठेवायच्या आणि एकेका पोराला विचारायचं, मोठी एक घेतोस का लहान दोन? बरोबर सांगेल त्याला भाकरी. चुकेल त्याला मार. पोरं उपाशी असायची, त्यामुळे डोकं चालवायची. निदान सरांचं असं मत होतं.

त्या दिवशी पाळी दामोदरची आली. दाम्या म्हणायचे त्याला. करावे गावचा, काटक, बोलका, बापाविना वाढलेला, नामा नावाच्या काकाच्या घरी राहणारा. त्याने दोन्ही लहान भाकऱ्या उचलल्या आणि मोठीवर शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. मोठीच्या या काठापासून त्या काठापर्यंत त्या बरोबर पुरल्या.

"बगा ना सर," तो म्हणाला. "दोन ठेवल्या की तेवढंच होतं. मंग दोनच घेईन. सुट्या बऱ्या पडतात."

वर्ग हसला. मला वाटतं, हसला नसता तर पुढचं झालं नसतं. सरांनी घड्याळ काढलं. मी तेव्हा व्हरांड्यातून हजेरीपट घेऊन चालले होते, म्हणून खिडकीतून पाहिलं. उघडा पंजा, खांद्यापासून फिरवलेला, डाव्या कानावर. दाम्या बाकावर आपटला आणि बाकासकट खाली गेला. सर त्याच्यावर वाकून ओरडत होते. "चौपट! चौपट होती, गाढवा! रुंदी दुप्पट तर भाकरी चौपट! दोन घेऊन निम्मी घेतलीस! जगात असाच लुबाडला जाशील!" दाम्या उठून बसला. त्याच्या कानातून रक्ताचा बारीक ओघळ मानेवर आला होता. तो सरांच्या तोंडाकडे बघत होता, ओठ हलताना बघावे तसा.

त्या कानाने त्याला पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नामाकाका आला. बरोबर गावातले आणखी दोघे, तिघांच्याही हातात होडीची वल्ही. हेडमास्तरांनी स्वतःच्या खोलीला आतून कडी लावली. सर फाटकाकडे चालू लागले. माझ्याजवळून जाताना घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "बाई, जरा धरा."

मी ती मारामारी घड्याळ मुठीत धरून पाहिली. पहिलं वल्हं सरांच्या डोक्यावर बसलं आणि कपाळ उभं फाटलं. त्यांनी ते पुसलंसुद्धा नाही. एकाला त्यांनी फाटकाच्या खांबावर फेकलं. दुसऱ्याच्या पोटात डोकं घातलं, तेव्हा त्याच्या पांढऱ्या बनियनवर सरांच्या रक्ताचा गोल छाप उठला. नामाकाका मात्र हटेना. "पोराचा कान दे परत," एवढंच म्हणत तो वल्हं फिरवत होता. सरांनी त्याचा हात धरला, पिळला, आणि वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. नामाकाका खाली बसला. तो ओरडला नाही. मोडका हात दुसऱ्या हातात घेऊन तो नुसता सरांकडे बघत राहिला. खिडक्यांना सगळी शाळा लटकली होती.

मग आपल्याकडे होतं तेच झालं. गावातली वडीलधारी मंडळी आली, हेडमास्तर बाहेर आले, चहा मागवला, पोलिसांत कुणीच जायचं नाही असं ठरलं. एक हात मोडला, एक कपाळ फुटलं, फिट्टंफाट. कानाचा विषय कुणी काढला नाही. दाम्या शाळेत परत आला नाही.

मला राहवलं नाही. कपाळाला फडकं बांधून सर शिक्षकखोलीत बसले होते. मी त्यांच्यापुढे घड्याळ आपटलं. "तुम्ही त्या पोराचं वाटोळं केलंत," मी म्हटलं. "एका भाकरीपायी त्याचा कान घालवलात."

ते रागावले नाहीत. स्वतःच्या चुरगळलेल्या कानाला बोट लावून म्हणाले, "माझ्या वस्तादानं माझे दोन्ही असे केले बाई. एक डाव विसरलो न्हाई. मारलं नसतं तर आज ऊस तोडत असतो. त्याचा कान गेला, मला वाईट वाटतं. न्हाई असं न्हाई. पण उत्तर जन्मात जाणार न्हाई त्याचं. ते आता रक्तात गेलं."

हे ते मनापासून बोलत होते. त्यांचं सगळं आयुष्य त्या एका समजुतीवर उभं होतं. ती काढून घेतली असती तर उरला असता तो नुसता पोरांना बडवणारा एक माणूस. आम्ही दोघांनी त्यानंतरही एकाच खोलीत डबे खाल्ले. आमचं भांडण मिटलं नाही आणि आमची मैत्रीही तुटली नाही, कारण माणूस खोटा नव्हता. पण पुढे कधीही त्यांनी भाकरीचा तास घेतला नाही. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "मागतच न्हाईत आता."

वर्षं गेली. चिखलाच्या जागी रस्ते झाले, गावांच्या जमिनी गेल्या, मोबदले आले. कुणी मोटारसायकली घेतल्या, कुणी घरांवर मजले चढवले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. दहावीचे पेपर तपासायला आम्हा दोघांना वाशीच्या एका शाळेत बोलावलं होतं. सर निवृत्तीला टेकले होते. केस पिकले होते, पंजा तेवढाच होता. संध्याकाळी काम उरकून निघालो तर सेक्टरच्या मार्केटमध्ये एका दुकानासमोर ही गर्दी. पिझ्झा तेव्हा वाशीत नवलाईचा होता. कॉलेजची पोरं स्कूटर लावून उभ्यानेच खात होती. मी म्हटलं, सर, चला, बघू तरी काय असतं.

दुकानाबाहेर रंगवलेली पाटी होती. लहान, सहा इंच, दहा रुपये. मोठा, बारा इंच, वीस रुपये. सर ती वाचून थबकले. मग पोट धरून हसायला लागले.

"बाई, हा कुणी येडा दानशूर दिसतोय. मोठा चौपट, आणि पैसे दुप्पट. चाळीसचा माल विसाला वाटतोय. बघा, एक पोरगं लहान घेत न्हाई."

खरंच, सगळ्यांच्या हातात मोठे होते. चौघं मिळून एक घ्यायचे आणि दात काढत निघून जायचे. दुकान ओसंडून वाहत होतं आणि गल्ल्यावरचा म्हातारा मयताला आल्यासारखा बसला होता. त्याचा एक हात कोपराजवळ वाकडा होता. तो हात मी ओळखला. मी सरांची बाही धरली, पण तेवढ्यात आतून आरडाओरडा झाला.

भट्टीपुढे एक दणकट माणूस आचाऱ्याला कॉलरला धरून भिंतीवर आपटत होता. "चीज कुटं जातंय? बोल! लहानाला एक वाटी, मोठ्याला दोन, मोजून देतंय मी. दर दिवशी संपतं कसं? कोनाला विकतंस?"

"शेट, मोठ्याला दोन पुरत नाय," आचारी रडकुंडीला येऊन सांगत होता. "आईशप्पथ, पुरतच नाय. तुमी बघा करून."

"पुरत नाय? डबल हाय ना? डबलला डबल दिलाय ना?"

आणि त्याने हाणली. उघडा पंजा, खांद्यापासून फिरवलेला, कानावर. आचारी पिठाच्या पिंपावर कोसळला. गल्ल्यावरचा म्हातारा खाली मान घालून म्हणाला, "दाम्या, मारू नको. याच्या आदी दोगं गेले, एकाचे दात पाडलेस. तरी चीज संपतंय." गिऱ्हाइकं पांगायला लागली.

मी सरांकडे पाहिलं. त्यांचं हसू अजून चेहऱ्यावरून पुरतं उतरलं नव्हतं. त्यांनी पाटीकडे बघितलं, मग आचाऱ्याकडे, मग दाम्याकडे. नंतर गर्दीतून वाट काढत ते सरळ आत गेले.

"दामोदर," ते म्हणाले. दाम्याला ऐकू गेलं नाही, कारण ते डावीकडून बोलले होते. त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला. तो गर्रकन वळला आणि उजवा कान पुढे करून बघू लागला. ओळख पटायला त्याला वेळ लागला नाही.

"तो दर कुणी लावला?" सरांनी विचारलं.

"मी."

"अरे, तुला हेच शिकवलं होतं. हेच! रुंदी दुप्पट तर..." आणि बोलता बोलता त्यांचा हात वर गेला. पाटीकडे दाखवायला गेला की मारायला, ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा त्यांनाही सांगता आलं नसतं.

दाम्याने भट्टीतून पिझ्झे ओढायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं उचललं आणि सरांच्या तोंडावर मारलं. सर काचेच्या कपाटावर गेले, काच फुटली. दुसरा फटका मानेवर, तिसरा पाठीवर. ओठ फाटला, सदरा लाल झाला. नामाकाकाने उठून शटर अर्ध्यापर्यंत ओढलं, बाहेरच्यांनी बघू नये म्हणून. मी किंचाळत होते. सरांच्या हातात अजून त्या पोराचे दोन तुकडे करण्याइतकी ताकद होती, हे मी जाणून होते. त्यांचा डावा हात उजव्या मनगटावर गेला, घड्याळाच्या पट्ट्यावर. मी डोळे मिटले. बकलाचा आवाज आला नाही.

डोळे उघडले तेव्हा सर काचेत बसले होते आणि दाम्या धापा टाकत त्यांच्यासमोर उभा होता. फावडं मोडलं होतं.

"जिमनीचा सगला पैसा ह्याच्यात घातलाय," दाम्या म्हणाला. "काकाचा पन. दुकान भरलेलं हाय आन् घरात तांदूल नाय. आन् तुमी आता शिकवाला आलाव?"

"मी तुला उत्तर सांगितलं होतं," सर म्हणाले. रक्तामुळे त्यांचे शब्द जड येत होते. "त्याच दिवशी सांगितलं होतं."

"तुमी आदी मारलं, मंग सांगितलं. माज्या कानात शिटी वाजत होती. मना काय ऐकू आलंच नाय."

सर त्याच्याकडे बघत बसले आणि मला त्यांचा चेहरा बघवेना. इतक्या वर्षांत मला त्यांची दया आलेली ती पहिलीच वेळ. मग ते उठले, काचा झटकल्या, वळसा घालून दाम्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे घेतले.

"लहान थाळी पिठानं भर," ते हळू म्हणाले. "काठोकाठ. मोठीत ओत."

दाम्या हलला नाही. पिंपाला टेकून बसलेला आचारी उठला, एक हात कानावर ठेवूनच त्याने सहा इंची थाळी पिठात बुडवली, बोटाने सारखी केली आणि बारा इंची थाळीत उलटी केली. मग दुसरी. दुसरी ओतून झाल्यावर तो थांबला. दाम्या वाकून बघू लागला. दोन्ही थाळ्यांचे काठ एकाच उंचीचे होते, आणि मोठी थाळी अर्धी रिकामी होती.

दाम्याने थाळी आचाऱ्याच्या हातून घेतली. तिसरी त्याने स्वतः भरून ओतली. चौथी ओतताना थोडं पीठ बाहेर सांडलं. त्याने तळव्याने ते आत लोटलं. मोठी थाळी काठोकाठ भरली. मग त्याने आचाऱ्याच्या सुजलेल्या कानाकडे पाहिलं.

"मंग तवा असं ओतून का नाय दाखवलं, सर?" त्याने विचारलं.

मी रिक्षा बघायला बाहेर आले, सरांना डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. रस्त्यावर येऊन मागे वळून पाहिलं तर अर्ध्या ओढलेल्या शटरखालून माणसांचे फक्त कमरेपर्यंतचे भाग दिसत होते. पिठाने माखलेले आचाऱ्याचे पाय, दाम्याचे पाय, आणि माझ्याकडे पाठ करून उभे असलेले सर. सरांचे हात अजून पाठीमागेच होते. डाव्या पंजाने त्यांनी उजवं मनगट घड्याळासकट इतकं आवळून धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती, आणि तो उजवा हात सुटायची धडपड केल्यासारखा सारखा हलत होता.